शेवटचा शब्द वडिलांचा

आमच्या कॉलेजच्या संशोधनपत्रिकेचं कपाट स्टाफरूमच्या मागच्या बोळात होतं. धुळ्याच्या देवपुरातल्या या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि गेली कित्येक वर्षं या वार्षिक पत्रिकेची संपादकही आहे. म्हणजे दुसरं कुणी तयार होत नाही म्हणून मी आहे. अंक छापून आला की गठ्ठे सुतळीने बांधून कपाटात जायचे. पाहुणे आले की शाल, श्रीफळ आणि एक अंक. शाल पाहुणे नेत, नारळ त्यांचा ड्रायव्हर नेई आणि अंक बहुतेक वेळा टीपॉयवरच राहून जाई. तो उचलून मी परत कपाटात ठेवायची. जीव जळायचा माझा, पण बोलणार कुणाला?

अंकात फार थोर काही असायचं असा माझा दावा नाही. पण खोटंही काही नसायचं. कुणी पांझरा नदीच्या पाण्यावर काम केलेलं, कुणी केळीवरच्या करप्यावर, कुणी जामनेरच्या बाजारात येणाऱ्या रानभाज्यांवर. जामनेर माझं माहेर, त्यामुळे तो लेख मी जरा जास्तच प्रेमाने तपासला होता. पोरं-पोरी सुट्टीत एस्टीने हिंडून, ऊन खाऊन, घरच्यांची बोलणी खाऊन माहिती गोळा करायची. मी त्यांच्या मागे लागून तेच तेच पुन्हा लिहून घ्यायची, लाल शाईने पानं रंगवायची. माझ्या लाल पेनाची धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांत बदनामी आहे. आणि एवढं करून वाचणारं कोण, तर लिहिणारा स्वतः, त्याचा गाईड आणि मी.

उलट बाजूचं दुखणं वेगळंच. आपल्याला काही वाचायचं झालं, तर परदेशी पत्रिकांच्या वेबसाइटवर पहिला परिच्छेद दिसायचा आणि पुढे कुलूप. डॉलर भरा, मग वाचा. एकदा तापीकाठच्या काळ्या जमिनीवरचा एक लेख असाच कुलपात सापडला. माती आमची, आमच्याच शेतातून उचललेली, आणि तिच्याबद्दल काय लिहिलंय ते आम्हालाच दिसेना. त्या दिवशी मी कॉम्प्युटरला उद्देशून जे काही बोलले ते ग्रंथालयात बसलेल्या मुलांनी ऐकलं. पुढे बरेच दिवस माझ्या वर्गात छान शांतता होती.

तेव्हाच ग्रंथपाल मॅडमनी विषय काढला. या बाई माझ्याच वयाच्या, बोलायला मऊ आणि हट्टाला पक्क्या. त्यांचं म्हणणं, आपली पत्रिका सगळीच्या सगळी इंटरनेटवर उघडी ठेवायची. वाचणाऱ्याने काही भरायचं नाही, लिहिणाऱ्यानेही काही भरायचं नाही. ओपन ॲक्सेस म्हणतात त्याला. मी फणकारले. म्हटलं, अशा मेल मला रोज येतात; थोर प्राध्यापक महोदय, आपलं थोर संशोधन आठवड्यात छापून देतो, तेवढी फी पाठवा. आमचे काही लोक त्यात फसलेही होते. त्या म्हणाल्या, ते दुकान निराळं आणि हे निराळं. तिथे पैसे घेऊन काहीही छापतात, आपल्याकडे तुमचं लाल पेन आहे. मग मी दुसरा मुद्दा काढला, की फुकट दिलं तर लोक भाव देत नाहीत. त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, की आत्ता कोण देतंय? मी उठले आणि कपाटाची किल्ली घेऊन आले.

ती उन्हाळ्याची सुट्टी आम्ही दोघींनी स्कॅनरपुढे काढली. धुळ्याचा उन्हाळा, वर गरगरणारा पंखा, पंख्याने उडणारी पानं आणि पानं दाबून धरणारे आमचे हात. एका जुन्या लेखाच्या कोपऱ्यात माझा अंगठा आलेला आहे. तो अजून तसाच आहे. जगात कुणीही उघडावं आणि माझा अंगठा पाहावा. पण शेवटचा गठ्ठा सोडवून झाला आणि कपाट रिकामं दिसलं, तेव्हा मला लेकीचं लग्न पार पडल्यासारखं बरं वाटलं. चहा मागवला, सोबत गरम भजीही मागवली.

आता ज्या मुलीमुळे हे सगळं सांगते आहे, तिच्याकडे येते. ती माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. माहेर पारोळ्याचं, वडील एस्टीत कंडक्टर होते, ते तेव्हाच रिटायर झालेले. मक्यावर लष्करी अळी आली आणि शेतकऱ्यांची झोप उडाली, तेव्हा या मुलीने एक साधाच प्रश्न धरला. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, जिथे सगळी शेती पावसावर आणि औषध फवारायला पंपही नसतो, तिथल्या बायका मक्याच्या पोंग्यात, म्हणजे वरच्या गुंडाळलेल्या पानांच्या भोकात, चिमूटभर राख नाहीतर वावरातलीच माती टाकतात. अळी तिथेच लपते. याचा उपयोग होतो का, आणि होतो तर कधी? दोन हंगाम ती त्या गावांत हिंडली. पोंगे मोजले, अळ्या मोजल्या, पायाला फोड आले तरी तक्रार नाही. माती लवकर पडली तिथे फरक दिसला, उशीर झाला तिथे काही नाही, असं तिने सरळ लिहिलं. काही ठिकाणी मला समजलं नाही, असंही लिहिलं. ते वाक्य मी लाल पेनाने खोडलं नाही. तो लेख आमच्या इंटरनेटवरच्या पहिल्याच अंकात आला.

पुढे तिचं लग्न झालं, ती एरंडोलला गेली. नवऱ्याचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. मुलगा चांगला आहे, तिला शिकवायला जाऊ देतो. जाऊ देतो म्हणजे काय, हा प्रश्न मी त्याला लग्नाच्या पंगतीतच विचारला होता, पण असो. ती तिथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर लागली. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि दर जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. 

एके वर्षी जळगावला विद्यापीठाचे पेपर तपासायला आम्ही दोघी एका हॉलमध्ये होतो. दुपारी बाहेर शेवभाजी खायला गेलो, तिथे तिने मला सांगितलं की आता सोडते. पुढच्या जूनला अर्ज करणार नाही. दुकानात हिशेबाला, गिऱ्हाइकाला माणूस लागतं, ती बसेल. मी विचारलं, आणि मक्याचं काम? ती म्हणाली, ते कोण वाचतं, मॅडम. मुलाखतीत सरांनी लेख बघितलासुद्धा नाही, पत्रिका कुठली एवढंच विचारलं आणि पान उलटलं.

ती रडत नव्हती, हेच मला लागलं. रडली असती तर मी रागावले असते, समजावलं असतं. ती शेवभाजीत भाकरी कुस्करत दुकानाच्या नव्या शटरबद्दल सांगत होती. मी त्या दिवशी पेपर तपासताना फार कडक मार्क दिले असतील तर त्या मुलांची माफी मागते. मनातल्या मनात मला दिसत होतं, दोन हंगाम चिखलातून हिंडलेली ही मुलगी, आणि आता काउंटरमागे बसून पावती फाडणार.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पत्रिकेच्या पत्त्यावर एक मेल आली. ग्रंथपाल मॅडम मला बोलवायला आल्या. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशातून कुणा संशोधक बाईंनी लिहिलं होतं. वर नाव एका गृहस्थांचं. प्रिय डॉक्टर अमुक. आमच्या कॉलेजात त्या नावाचं कुणी नाही. मी म्हटलं, असतील त्या फीवाल्यांपैकी, टाका कचऱ्यात. मॅडमनी आधीच स्टाफची यादी पाहिली होती, शिपायांपासून संस्थेच्या संचालकांपर्यंत. असं नाव नव्हतंच. या नावाची व्यक्ती आमच्याकडे नाही, असं नम्रपणे कळवून टाकू, असं त्यांचं मत पडलं आणि मीही हो म्हटलं. त्या टाइप करू लागल्या आणि मी उभ्या उभ्या मेल पुढे वाचली. आमच्याकडच्या बायकाही मक्याच्या पोंग्यात माती टाकतात, असं त्या बाईंनी लिहिलं होतं.

मी ग्रंथपाल मॅडमचा हात धरला. हात म्हणजे अक्षरशः मनगट.

त्या बाईंना आमचा लेख असाच शोधता शोधता सापडला होता, कुलूप नव्हतं म्हणून पूर्ण वाचता आला होता. त्यांनी आपल्या लेखात त्याचा उल्लेखही केला होता. आता त्यांना दोन्ही देशांत एकाच पद्धतीने, एकाच हंगामात तेच काम करून पाहायचं होतं आणि लेखकमहाशयांनी सोबत यावं अशी विनंती होती. पण हे महाशय कोण? मी माझ्या विद्यार्थिनीचा तो लेख उघडला आणि वरचं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

आपल्याकडे नाव कसं लिहितात? आधी आडनाव, मग आपलं, मग वडिलांचं. शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत हेच. आमची पत्रिकाही पहिल्या अंकापासून हेच छापते आणि त्यात चूक काही आहे असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण बाहेरचं जग शेवटचा शब्द आडनाव म्हणून उचलतं. मशीन तर उचलतंच. मग शेवटचा शब्द, म्हणजे वडिलांचं नाव, झालं आडनाव. आणि खरं आडनाव आणि मुलीचं स्वतःचं नाव यांचं एकेक अक्षर आणि पुढे टिंब. तिच्या लेखाचे लेखक जगाच्या दृष्टीने पारोळ्याचे रिटायर कंडक्टर होते.

मग आम्ही दोघी बसलो आणि इंटरनेटवर एकेक नाव शोधत गेलो. हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. अख्ख्या दोन जिल्ह्यांचे बाप आणि नवरे शास्त्रज्ञ होऊन बसले होते. कुणाचे वडील ट्रकवर, कुणाचे जिनिंगमध्ये, कुणाचे वारून कितीतरी वर्षं झालेली, आणि सगळ्यांच्या नावावर केळी, पाणी, मासे, बुरशी. पुरुषांचे निदान वडील तरी कायम राहतात. बायकांचं लग्नाआधी एक, लग्नानंतर दुसरं. एकाच बाईचे दोन गृहस्थ. माझं नाव टाकलं तर आमचे हे निघाले. आग्रा रोडवर मोटारींचे स्पेअर पार्ट विकणारा, बारावीनंतर पुस्तकाला हात न लावलेला माझा नवरा शेवाळ या विषयाचा जाणकार म्हणून जगभर नोंदला गेला होता. घरी जाऊन सांगितलं, तर तेव्हापासून यांचं रोज चालू आहे, की शास्त्रज्ञाला चहा द्या, शास्त्रज्ञाचा मोजा सापडत नाही.

मग तिला एरंडोलला फोन केला. मेल वाचून दाखवली. मग तिने विचारलं, "मॅडम, त्यांना कळलं का, मी काय लिहिलंय ते?"

कळलं, म्हटलं. चांगलं कळलं. तेव्हा मात्र ती रडली आणि मला हायसं वाटलं.

मला वाटलं, झालं काम. नाव दुरुस्त करायचं, त्या बाईंना हो कळवायचं, जूनला पेरणी झाली की काम सुरू. नाव दुरुस्त करणं अवघड नव्हतं. लेखकाने एकदा सांगायचं की माझं आडनाव हे आणि नाव हे, मग आमच्या लेखावर तशी दुरुस्ती लागते. संशोधकांचा एक क्रमांक असतो, फुकट मिळतो, तो काढला की पुढे गोंधळ होत नाही. आडनावाचाही प्रश्न नव्हता, कारण तिचं माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच. आमच्याकडे याचं कुणाला नवल नाही. अर्ध्या खानदेशाचं आडनाव एकच आहे आणि ते कुठलं हे इथे लिहायची गरज नाही. 

पण तिने दुरुस्तीला नाही म्हटलं.

झालं होतं असं, की तिने ती मेल वडिलांना वाचून दाखवली होती. हसत हसत, गंमत म्हणून. आबांनी ती गंमत म्हणून घेतलीच नाही. पारोळ्याच्या स्टँडवर, जिथे ते रोज सकाळी जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांत बसतात, त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की आफ्रिकामा मन्हं नाव शे, म्हणजे आफ्रिकेत माझं नाव आहे. कॅन्टीनवाल्याला सांगितलं. येणाऱ्या जाणाऱ्या गाड्यांच्या कंडक्टरांना सांगितलं. धुळे-जळगाव रस्त्यावर आबांना आता लोक शास्त्रज्ञ म्हणत होते. ती मला म्हणाली, मॅडम, त्यांनी आयुष्यभर तिकिटं फाडली, खांद्यावर बॅग घेऊन उभे राहिले. त्यांचं नाव कुणी विचारलं नाही, सगळे नुसतं ओ कंडक्टर म्हणायचे. आता ते इतके खूश आहेत. राहू द्या ना. मी त्या बाईंना माझी सगळी माहिती पाठवून देते, त्यांना करायचं तर त्यांनी करावं. तसंही जूनमध्ये दुकानात श्वास घ्यायला वेळ नसतो. 

मला राग आला. माझा राग लवकर येतो आणि उशिरा जातो. म्हटलं, वडिलांना खूश करायचं तर त्यांना पुरणपोळी कर, स्वेटर आण, पण स्वतःला पुसून टाकायचं हे कुठलं प्रेम? पुढच्या जूनला मुलाखतीत कुणी विचारलं, की हा लेख तुझाच कशावरून, तर काय सांगशील, आबांचं आधारकार्ड दाखवशील? ती हसली आणि म्हणाली, मी अर्जच करणार नाहीये ना. यावर मी फोन ठेवला. आपटला असं आमचे हे म्हणतात, पण हल्लीचे फोन आपटता येत नाहीत.

संपादक म्हणून मी ती दुरुस्ती परस्पर करू शकले असते का? करू शकले असते. पण नाव तिचं. तिच्या मागे मी ते बदललं, तर मशीनमध्ये आणि माझ्यात फरक काय राहिला? आफ्रिकेतल्या बाईंनी पुन्हा लिहिलं होतं. त्यांना उत्तर हवं होतं, कोण येणार आणि नाव कसं लिहायचं. म्हणून एका रविवारी मी देवपुरातून रिक्षाने स्टँडवर गेले आणि जळगावच्या गाडीत बसून पारोळ्याला उतरले. कंडक्टरला आबांचं घर विचारलं, तर तो म्हणाला, शास्त्रज्ञांचं ना?

आबा ओट्यावरच बसले होते. मला पाहून उठले, खुर्ची पुसली, आतून पाणी मागवलं. लेकीच्या मॅडम आल्या म्हणून त्यांना कोण आनंद. चहा येईपर्यंत आफ्रिकेचा विषय त्यांनीच काढला. मी पर्समधून फोन काढला आणि आफ्रिकेतल्या लेखाच्या शेवटी जिथे संदर्भ दिलेले असतात, ती ओळ मोठी करून त्यांच्यापुढे धरली. गाड्यांचे नंबर आणि पास वाचून वाचून त्यांना इंग्रजी अक्षरं पक्की ठाऊक होती. त्यांनी आपलं नाव बोटाने एकेक अक्षर करत वाचलं. चेहरा असा फुलला, की मला वाटलं, उठावं आणि गुमान परत जावं. चूक माझीच, कशाला आले, असं मनात आलं.

मग त्यांचं बोट पुढे सरकलं आणि थांबलं. तिथे दोन अक्षरं होती आणि दोन टिंबं. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पहिलं अक्षर आडनावाचं आणि दुसरं तुमच्या लेकीचं.

आबांनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा वर केला, डोळ्यांजवळ नेला. मग ते म्हणाले, "मंग मन्ही पोर कोठे शे?"

मी पुन्हा बोट ठेवून दाखवलं. एक अक्षर आणि एक टिंब. त्यांना वाटलं होतं, दाखल्यावर असतं तसं असेल. पुढे लेकीचं नाव आणि मागे आपलं. बाप मागे उभा आहे, एवढंच. तसं नाही हे तिने त्यांना सांगितलं नव्हतं आणि मी आत्ता सांगत होते. चहा आला तो तसाच राहिला.

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि स्वतःशी बोलल्यासारखं बोलू लागले. म्हणाले, नोकरीत एकाच्या तिकिटावर दुसऱ्याला मी कधी बसू दिलं नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मन्हं नाव काढा, ताई. वावरमा ती फिरनी, मी नही."

मी म्हटलं, काढायचं तर तिने हो म्हणायला हवं. आबा आत गेले, पांढरा शर्ट घालून, टोपी ठेवून बाहेर आले. आम्ही दोघं पुढच्या गाडीने एरंडोलला गेलो. शेजारी उभ्या असलेल्या कंडक्टरने शास्त्रज्ञ म्हणून हाक मारली, तर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

दुकानात ती काउंटरमागे होती आणि जावई आत पोती लावत होता. आबांनी तिला काय सांगितलं ते सगळं मला ऐकू आलं नाही. मी मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून उभी होते. ती पुन्हा पुन्हा, पण आबा, पण आबा, म्हणत होती. शेवटी तिने मला हाक मारली. फोनवर तो क्रमांकाचा फॉर्म उघडला. नावाची चौकट, आडनावाची चौकट. वडिलांची, नवऱ्याची चौकटच नाही. तिने आपलं नाव लिहिलं आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. नुसतं तेवढंच नाव तिने बहुतेक कधी लिहिलेलं नव्हतं.

मग तिने ते म्हटलं जे म्हणणार हे मला माहीत होतं. नाव झालं, पण काम कोण करणार? मका पेरला जातो जून-जुलैत आणि दुकान चालतं तेही जून-जुलैत. ती वावरात गेली तर काउंटरवर कोण? जावयाने पोतं खाली ठेवलं आणि तिच्या बोलण्यावर मान डोलावली. त्याचं चुकत नव्हतं. हंगामात एक माणूस कमी म्हणजे त्याची फार ओढाताण झाली असती.

आबा लेकीच्या घरी अर्ध्या कपाच्या वर चहा घेत नाहीत. जुनी माणसं, लेकीच्या दारचं खायचं नाही, जावयाच्या घरात बसून राहायचं नाही. दुकानात तर ते तोवर पायरीपर्यंतच आले होते. त्यांनी चपला काढल्या, काउंटरची फळी उचलली, आत गेले आणि तिच्या स्टुलावर बसले.

"दुकानमा मी बससू," ते म्हणाले. "तू वावरमा जाय."

जावई गोरामोरा झाला. सासरे काउंटरवर बसले तर गाव काय म्हणेल, असं काहीतरी पुटपुटला. आबांनी त्याला पावतीपुस्तक कुठे आहे ते विचारलं.

ती त्या पावसाळ्यात पायथ्याच्या गावांत गेली. त्याच गावांत, त्याच बायकांच्या वावरात, पण आता तिकडे दूर आफ्रिकेतही कुणीतरी त्याच दिवसांत पोंगे मोजत होतं. दोघी फोनवर एकमेकींना अळ्यांचे फोटो पाठवायच्या. तिने जूनला अर्जही केला आणि तासही पुन्हा घेतले. आमच्या पत्रिकेत आम्ही नाव लिहायची पद्धत बदलली आणि जुने लेखही एकेक करून दुरुस्त करतो आहोत. दोघीतिघींनी फोन करून विचारलं, की नवऱ्याचं नाव गाळलं तर घरी काय सांगू? मी सांगते, माझ्याकडे पाठवून दे त्याला. अजून कुणी आलं नाही. आमच्या यांना मात्र वाईट वाटलं. शेवाळावरचं पद गेलं म्हणतात. 

तिचा आणि आफ्रिकेतल्या बाईंचा मिळून लेख यंदा आला. उघडा, कुणीही वाचावा असा. मी धुळ्याहून मुद्दाम एरंडोलला गेले. ती कॉलेजात होती, दुकानात आबा. मी फोन त्यांच्यापुढे धरला. दाखल्यावर आपलं नाव शेवटी असतं, त्या सवयीने त्यांनी शेवटून वाचायला सुरुवात केली. शेवटी आडनाव, जे अर्ध्या खानदेशाचं आहे, ते त्यांनी भराभर ओलांडलं. मग तिचं नाव. ते त्यांनी सावकाश वाचलं, एकेक अक्षर, मध्ये कुठे टिंब नाही ना हे बघत. तेवढ्यात एक शेतकरी पायरीवर आला आणि मक्यावरच्या अळीचं औषध मागू लागला. औषधाच्या बाटल्या आबांच्या डोक्यामागे ओळीने लावलेल्या होत्या.

आबा म्हणाले, "पयले पोंगामा माती टाकी देख, मंग औषध ली जाय."

आतून जावयाने कपाळावर हात मारलेला मला दिसला. शेतकऱ्याने विचारलं, कुणी सांगितलं हे? आबांनी माझा फोन त्याच्या नाकासमोर धरला आणि नावावर बोट ठेवलं.

"मन्ही पोरनी लिखेल शे," ते म्हणाले.